दिवा लागतो, पाणी जात नाही: इंजेक्शन किटमधली फसवणूक

टर्बो गाडीत पाणी-मिथेनॉल इंजेक्शन किट (इंजिनात जाणारी हवा थंड करायला पाणी आणि मिथेनॉलचं धुकं फवारणारा संच) बसवून घेणारे बरेच जण एक अट घालतात: बाहेरून काही दिसता कामा नये. ही अट फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडते. टाकी डिक्कीच्या अस्तराआड, नळी गालिच्याखालून, पंप फेंडरच्या आत. मालकाला दिसतो तो फक्त डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, चढला की दिवा लागतो आणि पैसे चुकते होतात.

तो दिवा रिलेच्या (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) 87 नंबरच्या टोकाला, पंपाच्याच वायरीवर जोडलेला असतो. पंपाला वीज पोचली एवढंच त्यातून कळतं. टाकी रिकामी असली, नळी निसटलेली असली तरी तो लागणारच.

मोठी लबाडी पंपात असते. किटचा डायाफ्राम पंप 10 बार किंवा त्याहून जास्त दाब देतो. त्याच्या जागी काचेवर पाणी मारणारी साधी मोटर बसवली, तर दाब जेमतेम 2 बार. आता हिशेब पाहा. इंजिनात 1 बार बूस्ट असताना खऱ्या पंपाकडे 9 बारचा फरक उरतो, या मोटरकडे फक्त 1 बारचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पाणी एक तृतीयांशच जातं, तेही धुक्याऐवजी जाड थेंबांनी. हवा थंड होत नाही. मात्र मॅपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंगमध्ये, इग्निशन टायमिंग पुढे ओढलेलं असतं, ठिणगी लवकर पडते. मग नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात.

‘इनटेकचं (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचं) तापमान बघा कसं उतरलं’ असं स्कॅनरवर दाखवलं जातं, तेव्हा नोझल कुठे आहे ते आधी पाहा. तापमानाच्या सेन्सरला लागून असेल तर ओला झालेला सेन्सर खोटं वाचन देतो. नोझल इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पुढे, थ्रॉटलच्या (हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) अलीकडे हवं. ते थ्रॉटलच्या पलीकडे बसवलं असेल आणि त्याच्याजवळ सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) किंवा एकदिशा व्हॉल्व्ह नसेल, तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू असेल तेव्हा, इनटेकमधला निर्वात दाब टाकीतलं पाणी ओढत राहतो. टाकी नोझलपेक्षा उंच असली तर धोका आणखी मोठा: सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

वायरिंगही उघडून बघा. लायटरच्या फ्यूजमधून काढलेली 0.5 चौरस मिलिमीटरची वायर 4 मीटर डिक्कीपर्यंत नेली, तर 10 अँपिअरला वाटेतच जवळपास 1.4 व्होल्ट गळतात. 2.5 चौरस मिलिमीटरला 0.3 व्होल्टही नाही. पंपाची लाइन थेट बॅटरीवरून हवी, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर.

पैसे देण्याआधी टाकीत साधं पाणी भरा. इंजिन बंद ठेवून नोझल काढा, मोजपात्रात धरा आणि पंप 30 सेकंद चालवा. ठरलेल्या दाबाला मिनिटाला 200 मिलीचं नोझल असेल, तर 100 मिलीच्या आसपास पाणी यायला हवं. नंतर फ्लोट स्विच (टाकीतलं पाणी संपलं की सूचना देणारा तरंगता स्विच) खाली पाडून बूस्ट खरंच कमी होतो का ते पाहा. सुरक्षा सर्किट ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) किंवा बूस्ट सोलेनॉइडला जोडलेलंच नाही, हे पुष्कळदा इथेच उघडं पडतं.

तयार मिश्रणही वजनावर तपासा. निम्मं-निम्मं आकारमानाने मिसळलेलं 1 लिटर मिश्रण 920 ते 930 ग्रॅम भरतं. 1 किलो भरलं तर ते नुसतं पाणी. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेतच काम करा.

अस्तर बसवण्याआधी प्रत्येक जोडणीचे फोटो मागा. नीट लपवणं ही कारागिरी आहे. विमा कंपनीपासून किंवा गाडी पुढे घेणाऱ्यापासून लपवणं ही दुसरी फसवणूक, तिच्यात पडू नका.

किट बनावट निघालं तर नुसता फ्यूज काढून गाडी पळवू नका. आधी मूळ मॅप परत भरून घ्या, नळी काढा, नोझलच्या भोकात आट्यांचा प्लग बसवा. त्यानंतरच टर्बोवर जोर द्या.