८×४२ दुर्बीण: वेड्या राघूपायी घेतली, दोन वर्षं वापरतेय

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, परभणी जिल्ह्यात, शेताच्या खालच्या अंगाला ओढा. मार्च लागला की ओढ्याच्या कडेत वेडे राघू चोचीनं बिळं कोरतात. हिरवागार, चिमणीएवढा पक्षी, शेपटीतून पुढं आलेली दोन बारीक पिसं. नुसत्या डोळ्यांनी एवढंच दिसायचं.

पहिली दुर्बीण ऑनलाइन मागवली, ‘५० पट’ लिहिलेली. हात जरा हलला की पक्षी गायब, आणि एकाचे दोन राघू दिसायचे. विकणाऱ्यानं परत घ्यायला तीन आठवडे लावले. मग संभाजीनगरला दुकानात जाऊन, हाताळून ही घेतली, ७,८०० रुपयांना. ८ पट मोठं दिसतं. पुढची काच ४२ मिलिमीटरची, त्यामुळं झाकड पडल्यावर, दिवेलागणीलाही उजेड पुरतो.

पहिल्याच सकाळी पैसे फिटले. राघू तारेवरून सुटला, हवेतच गांधीलमाशी धरली आणि परत त्याच जागी येऊन बसला. तिला तारेवर या अंगानं आपटली, त्या अंगानं आपटली, मग तिचं बूड तारेला घासत राहिला. नांगीचा बंदोबस्त झाल्यावरच गिळली. लाल डोळा, त्यातून गेलेली काजळाची रेघ, गळ्यावरचा काळा पट्टा, माथ्यावरची तांबूस झाक, सगळं लख्ख. इराणपासून व्हिएतनामपर्यंत हा पक्षी आढळतो, आणि माझ्या शेतातल्या विजेच्या डीपीच्या तारेवर रोज बसतो!

ह्याला वेडा कुणी म्हटलं? मी बिळासमोर पंधरा पावलांवर बसले की चोचीत किडा धरून तो तारेवरच थांबायचा, आत जाईना. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००२ साली याच पक्ष्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याचं कारण सापडलं: समोरच्याला आपलं बीळ दिसतंय का, हे राघू ताडतो आणि दिसत असेल तर आत जायचं टाळतो. म्हणजे मी जवळ बसून पिल्लांना उपाशी ठेवत होते. तेव्हापासून पार बांधापलीकडच्या बाभळीखाली बसते. तो बिनघोर आत-बाहेर करतो, मला सगळं दिसतं. दुर्बीण घ्यायची ती खरं तर यासाठी. कडेची माती काढायचं कामही आम्ही पिल्लं उडेपर्यंत थांबवतो. जूनमध्ये चार पिल्लं तारेवर खेटून बसली होती, शेपटीची लांब पिसं अजून फुटायची होती.

उणिवा आहेत. गळ्यातला पट्टा बारीक, तासाभरात मान दुखते; मी रुंद पट्टा लावून घेतला. चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर खाली दुमडावं लागतं. पाण्यापासून जपावी लागते. पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात बदकं फार आत असतात, तिथं ८ पट कमीच पडतं. शेत, ओढा, माळ यांसाठी मात्र हीच घ्या, आणि पैसे देण्याआधी दुकानाबाहेर येऊन लांबच्या एखाद्या तारेवर रोखून बघा. तार एकच दिसली पाहिजे.