लातूरजवळच्या रोपवाटिकेतली ७८६ पपई : एका हंगामाचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी दुसरीकडून '७८६' या पपईच्या वाणाची म्हणून आणलेल्या रोपांत निम्मी नर, म्हणजे फळ न धरणारी निघाली. फुलं येईपर्यंत पपईचं झाड नर की मादी ते कळत नाही. लांब देठांवर फुलांचे झुबके लोंबायला लागले, तोवर चार महिन्यांचं पाणी, खत, मजुरी गेलेली. बिलही नव्हतं. म्हणून या खेपेला रोपवाटिकेत स्वतः गेले.

मालकांनी बियांचं पाकीट दाखवलं, पक्कं बिल दिलं. १५ रुपयाला रोप. आणि आधीच सांगितलं, "ताई, यात नर निघणार नाही. पण सगळी झाडं सारखी नसतील. काही नुसती मादी, त्यांची फळं गोल. बाकीची उभयलिंगी, त्यांची लांबट. रोपावरून मलाही ओळखता येत नाही."

सप्टेंबरअखेर ९०० रोपं लावली. लांबट कळी उकलून पाहिली तर मधे अंडाशय, भोवती दहा पुंकेसर, एकाच फुलात नर-मादी दोन्ही. मादी कळी बुडाशी फुगीर, तिच्यात पुंकेसर नाहीतच. पराग शेजारच्या उभयलिंगी झाडाचा. एका ओळीतली ३० झाडं मोजली. १९ लांब, ११ गोल, नर एकही नाही. व्यापारी लांबटच मागतो, गर जाड आणि पोकळी कमी.

एप्रिलात ऊन ४० च्या वर गेलं आणि लांब फळाच्याच झाडांची फुलं गळायला लागली. आत अंडाशय धरेना. "ही पण नर झाली," म्हणत मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कोयता काढला. मी मालकांना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी ते गाडीवर रानात हजर. "बापू, तोडू नका. उन्हानं याच्या फुलातला मादी भाग खुंटतो, पुंकेसर तेवढे राहतात. मादी झाडाला असं होत नाही. पाणी सांभाळा, गारवा आला की धरतील."

पाऊस पडल्यावर धरली. खोडावर मधे दीड हात रिकामी जागा आहे, ती त्या उन्हाची. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

तक्रार आहेच. रोपं आठ दिवस उशिरा आली, काही पिशव्यांत मुळं गुंडाळलेली होती. ४० मेली, २५ च बदलून मिळाली. वाहतूक आपल्याच खर्चाची.

येत्या सप्टेंबरसाठी आणखी ५०० सांगून ठेवली आहेत.