जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा गंज: तारेचा ब्रश की सोड्याचा टब?

घाई असेल तर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावा. बॉनेट, फेंडर असे सपाट पत्रे बघता बघता लखलखीत होतात. गोम अशी की खड्ड्यांतला गंज निघत नाही, नुसता घासून चकाकतो आणि पुढे रंगाखालून फुगतो. शिवाय तुटलेल्या तारा सुईसारख्या उडतात, गॉगल हवाच.

सोड्याच्या टबाला, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसला (पाण्यातून वीज सोडून गंज काढायला) रात्रभर लागते, पण तेवढ्यात आपली झोप होते. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर 4 लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा आणि 12 व्होल्टचा साधा चार्जर. (स्मार्ट चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय बहुधा चालूच होत नाही.) गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. उलटं जोडलंत तर आपलाच भाग झिजेल. धन टोकाला स्टेनलेस स्टील अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून टब मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब. ॲल्युमिनियमचा कार्ब्युरेटर चुकूनही यात बुडवू नका.

माझं विचाराल तर पत्र्याला ब्रश. लिव्हर, ब्रॅकेट, वेडेवाकडे सांधे टबात. बाहेर काढलेला भाग धुऊन, कोरडा करून लगेच प्राइमर मारा. जेवून येईपर्यंत तो पुन्हा तांबूस झालेला असतो.