सडलेलं मडगार्ड: फायबर लावायचं, पत्रा जोडायचा की दुसरं आणायचं?

हर्णैला किंवा मिरकरवाड्याला धक्क्यावर उभी असलेली मासळीची कुठलीही जुनी पिकअप घ्या आणि चाकाच्या कमानीत वाकून बघा. क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून ठिबकलेलं असतं, वर लाल चिखलाचा थर. हा थर दिवाळीपर्यंत आतून ओला राहतो. म्हणून मडगार्ड सडतं ते आतून. बाहेर रंगाला फोड दिसतात तेव्हा आतला पत्रा बराचसा गेलेला असतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि रंगाला बाहेर ढकलतो.

आमच्या बोलेरो पिकअपची पुढची दोन्ही मडगार्डं अशीच गेली. एकाला घरी फायबर लावलं, म्हणजे काचतंतूंचं कापड रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून चिकटवलं; दुसरं बदललं. हौद्याच्या कडेला पत्रा जोडून घेतला. तेव्हा तिन्ही कामांचा अनुभव गाठीशी आहे, आणि माझं मत असं की भोक किती मोठं यापेक्षा ते कुठे पडलंय हे आधी बघावं.

चिखल धुऊन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद आवाज आला तर टोक दाबून बघा. टोक आत गेलं नाही, तर गंज वरवरचा आहे. तिथे ग्राइंडरला वायर ब्रश लावून पापुद्रे काढा, बारीक खळग्यांमधे उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक लावा आणि वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साईड लावून गाडी तशीच फिरवू नका, त्यातून पाणी झिरपतं. एवढ्यात भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

टोक आरपार गेलं तर मात्र विचार करावा लागतो.

फायबर सगळ्यात स्वस्त, आणि वेल्डिंग न येणाऱ्याला झेपणारी एकमेव दुरुस्ती. कमानीच्या मधोमध, बोल्टपासून लांब, तळहाताएवढं भोक असेल तर मी हेच करीन. सडलेला पत्रा कापून टाकायचा, भोवतीचा दोन बोटं पत्रा ८० नंबरच्या पेपरने चकचकीत घासायचा आणि मॅटचे, म्हणजे त्या काचतंतूंच्या कापडाचे, दोन-तीन थर रेझिनमधे भिजवून आतल्या बाजूने बसवायचे. बाहेरून लांबी (पुट्टी) पातळच भरा, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. लांबी पाणी शोषते. गंजावर थापलेली लांबी एका पावसाळ्यात फुगून पडते, आणि आमच्या पहिल्या प्रयत्नात ती पडलीच.

रेझिनबद्दल एक गोष्ट जिवाची आहे. दुकानात रेझिनसोबत ते घट्ट करणाऱ्या दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. त्या एकमेकींत थेट कधीही ओतू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमधे पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. आणि हे काम जुलैत काढू नका. दमट हवेत रेझिन चिकटच राहतं.

वेल्डिंगने पत्रा जोडणं हे खरं पक्कं काम, पण घरी करण्याजोगं आहे का? सगळीकडे दिसणारं छोटं रॉडचं वेल्डिंग मशीन मडगार्डच्या पत्र्याला चालत नाही. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, त्यात गंजाने पातळ झालेली. एक भोक बुजवायला जाल आणि शेजारी तीन पाडाल. इथे सीओटू मशीन (गॅसच्या आवरणात तारेने वेल्डिंग करणारं) आणि ०.८ मिलिमीटरची तार लागते. टाकेसुद्धा सलग नाही मारायचे. एक इथे, दुसरा लांब तिथे, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो. बॅटरीच्या वायरी आधी काढा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नका, जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो. २० गेजचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला) पत्रा घ्या. गॅरेजवाल्याकडून करून घेतलंत तरी एक काम स्वतः करा: जोडाच्या मागच्या बाजूचा रंग जळालेला असतो, तिथे त्याच दिवशी प्रायमर लावा. हे बहुतेक जण विसरतात, आणि मग ‘वेल्डिंग टिकलं नाही’ म्हणतात.

राहिलं बदलणं. पुढचं मडगार्ड बोल्टवर बसतं, त्यामुळे जिथे बोल्ट लागतो ती पट्टीच सडली असेल तर मी दुरुस्तीच्या फंदात पडणार नाही. तिथे फायबर धरत नाही, आणि भोकं जुळवून पट्टी बनवण्यात गॅरेजची मजुरी मडगार्डाच्या किमतीला गाठते. बाजारातलं नवं डुप्लिकेट स्वस्त असतं, पण पत्रा हलका आणि भोकं थोडी इकडे-तिकडे. कुर्ल्यासारख्या भंगार बाजारात जुनं ओरिजिनल मिळालं तर तेच उचला. फक्त उलटं करून आतली घडी बघा. वरून तुकतुकीत रंगवलेल्या मालाची पोल तिथे उघडते. दुष्काळी भागात चाललेल्या गाडीचं असेल तर सोन्याहून पिवळं.

बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नवं बसवताना सगळे बोल्ट सैल ठेवा, बॉनेट आणि दार लावून फटी सारख्या आहेत का बघा, मगच आवळा. आतली बाजू मात्र बसवण्याआधीच रंगवायची. पांढऱ्या गाडीचा रंग जुळवणं सोपं असं सगळे सांगतात. दहा वर्षं उन्हात तापलेला पांढरा किती पिवळा झालेला असतो, हे नवं मडगार्ड शेजारी लागल्यावर कळतं. आमच्या गाडीचा डावा गाल आजही उजव्यापेक्षा गोरा आहे.

हौद्याचा तळ गेला असेल तर वर सांगितलेलं फायबरही विसरा आणि भंगार बाजारही. क्रेट ओढले जातात तिथे फायबरची सालं निघतात. तिथे वेल्डरकडून चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा) टाकून घ्या, आणि पाणी निघायची भोकं ठेवायला त्याच्या डोक्याशी उभं राहून सांगा.