शेन्छू की लॅक्टोबॅसिलसने आंबवलेले जिनसेंग?

चिनी वैद्यकात अपचनावर दिली जाणारी शेन्छू ही आंबवलेली वडी गव्हाचे पीठ व कोंडा, लाल अझुकी हे कडधान्य, कडू जर्दाळूचा मगज आणि आर्टेमिसियासारख्या ताज्या वनस्पती यांपासून बनते. पारंपरिक पद्धतीत ती नैसर्गिक बुरशी व यीस्टच्या भरवशावर मुरवली जात असल्यामुळे प्रत्येक खेपेचा गुण थोडा निराळा उतरतो. शिवाय ती अनेकदा भाजून देतात, तेव्हा जिवंत जंतूंची अपेक्षा ठेवणे व्यर्थच.

याउलट जिनसेंग या औषधी मुळीत लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्यासारख्या जिवाणूंचे निवडक वाण मिसळल्यास त्यांचे बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर आरबी-१ या जिनसेनोसाइडवरील (जिनसेंगमधील औषधी घटकावरील) साखरेचे रेणू तोडते आणि अधिक सहज शोषला जाणारा ‘कंपाउंड के’ तयार होऊ शकतो. एरवी हे काम आतड्यातील जिवाणू करतात, पण प्रत्येकाच्या पोटात सारखे नाही. एकसारखेपणात जिनसेंग मला सरस वाटते. जड जेवणानंतरच्या तक्रारीसाठी मात्र परंपरेचा कौल शेन्छूलाच आहे.