सोसायटीला गरम पाण्याचा एकच प्लँट, इमारतवार सोय, की घरोघरी गीझर?

कोपनहेगनमध्ये जवळपास सगळी घरं एकाच जाळ्यावर तापतात. वीजकेंद्रांतली आणि कचरा जाळून मिळणारी उष्णता गरम पाण्यातून, जमिनीखालच्या पाइपांनी घरोघर पोचते. तिथे ते परवडतं, कारण अर्धं वर्ष घरच तापवायचं असतं. संभाजीनगर, लातूर, परभणीत आपल्याला हवं फक्त आंघोळीचं पाणी, तेही मुख्यतः थंडीत. मे महिन्यात गच्चीवरची टाकीच बंबाचं काम करते.

तरीही चार-पाच इमारतींसाठी एकच मोठा प्लँट टाकायचा प्रस्ताव सोसायटीच्या बैठकीत आला, तर आधी विजेचा नव्हे, पाण्याचा हिशेब मांडा. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण 0.3 लिटर पाणी मावतं. प्लँटपासून तुमचा नळ 30 मीटरवर असेल, तर गरम पाणी येईपर्यंत नऊ-दहा लिटर गार पाणी मोरीत जाणार. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्यांना हे पटणं अवघड. यावर उपाय म्हणजे परतीची लाइन आणि पंप, म्हणजे पाणी फिरतं राहतं. पण मग कोणी आंघोळ करो न करो, पाइपातून उष्णता निसटत राहते, आणि बंद फ्लॅटवाल्याने त्याचे पैसे का द्यायचे यावर भांडण ठरलेलं.

घरातल्या गीझरची पाइप छोटी, वाया जाणं कमी. बिल मात्र जास्त: 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला जवळपास तीन युनिट. हीट पंप तेवढंच काम चांगल्या हवेत एका युनिटच्या आसपास करतो, कारण तो हवेतली उष्णता ओढून घेतो. आपल्याकडे हवा गरमच, त्यामुळे तो इथे चांगला चालतो.

सोलर सर्वांत स्वस्त चालतं, पण बोअरच्या जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो. तिथे काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा. क्षार त्यातही बसतो, पण साफसफाई सोपी. पावसाळ्यात जोडीला विजेची कॉइल लागतेच.

माझं मत सांगतो. जुन्या इमारतीत वेगळी गरम लाइन नसेल तर भिंती फोडू नका, गीझरच ठेवा. नव्या बांधकामात प्रत्येक इमारतीचा स्वतंत्र सोलर किंवा हीट पंप घ्या. सामायिक मोठा प्लँट शोभतो तो लातूरच्या क्लासवाल्या हॉस्टेलांना, नांदेडच्या यात्री निवासांना, नाहीतर इस्पितळांना, जिथे शेकडो माणसं पहाटे एकदमच नळ सोडतात.

कोटेशन मागाल तेव्हा परतीच्या लाइनीचं इन्सुलेशन आणि वर्षातून एकदा क्षार काढण्याचा खर्च या दोन ओळी वेगळ्या लिहून घ्या. बहुतेक ठेकेदार त्या गाळतात.