टर्नटेबलखालचे मऊ पाय : आवाज सुधारला, सागवान डागाळलं

कंपनं अडवायला टर्नटेबलखाली, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरखाली, चार मऊ पाय लावले होते. दिवाळीच्या साफसफाईत टर्नटेबल उचलला आणि डोकंच फिरलं. आजोबांच्या सागवानी कपाटावर चार गोल, तेलकट डाग! सुतार म्हणाला, पॉलिश खरवडून नव्यानं करावं लागेल. पायांच्या मऊ पॉलियुरेथेनमधलं (रबरासारख्या प्लास्टिकमधलं) तेल हळूहळू लाकडात मुरतं. खोक्यावर त्याबद्दल चकार शब्द नाही. विक्रेता म्हणे, "साहेब, खाली काच ठेवायची असते." मग काचेच्या चार चकत्या खोक्यात घालायला असा किती खर्च येतो? पॉलिशचं बिल कंपनीला पाठवलंय आणि ते मी सोडणार नाही.

आता आवाज. पहिले काही आठवडे फरक जवळपास शून्य, वस्तू परत करायच्या बेतात होतो. अडचण वजनाची होती. प्रत्येक पायाला ४ ते ६ किलो भार लागतो आणि माझा बेल्ट ड्राइव्ह (पट्ट्यानं फिरणारा) टर्नटेबल अख्खा साडेपाच किलोचा. भार कमी पडला की हे पाय दबतच नाहीत. ओट्याच्या कामातून उरलेली १३-१४ किलोची कडप्प्याची फरशी टर्नटेबल आणि पायांच्या मध्ये सरकवली आणि माझं मत पार बदललं. रेकॉर्ड थांबलेली असताना सुई टेकवा, आवाज वाढवा आणि कपाटावर बोटानं टकटक करा. आधी ती स्पीकरमधून ढबढब ऐकू यायची, आता कान देऊन ऐकावी लागते. स्पीकर त्याच कपाटावर असल्यानं पसरट वाटणारा डग्ग्याचा घुमारा आता नेमका येतो. फरशी फुकटची, म्हणून आनंद दुप्पट.

पावलांपुढे मात्र हे पाय हरले. आमच्या वाड्याची माडी लाकडी. आई खोलीत आली की जाळी काढलेल्या वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा आतबाहेर डुलताना दिसतो. तुळयांचा इतका संथ हेलकावा असले पाय अडवत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या कंपनाशी तो जुळला तर उलट वाढतो. अमेरिकी संशोधक एडगर विल्चर यांनी १९६१च्या एआर (अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या) टर्नटेबलमध्ये प्लॅटर (रेकॉर्डची फिरती थाळी) आणि आर्म (सुईचा दांडा) एकत्र स्प्रिंगांवर टांगले, ते उगाच नाही. लाकडी जमिनीवर राहत असाल तर आधी भिंतीत पक्का शेल्फ ठोकून घ्या. सिमेंटच्या स्लॅबवर हा त्रास सहसा होत नाही.

हेच पाय ट्रान्झिस्टर अँप्लिफायरखालीही लावून पाहिले. काडीचा फरक नाही. तिथे पैसे घालू नका, तेवढ्यात चांगल्या दोन जुन्या एलपी येतात.